पाचवा तुकडा

बाईंच्या खोलीत आजारी माणूस कधी येत नसे. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, धुलाईच्या गाड्या जिथे ढकलत आणतात त्याच्या पलीकडे त्यांची प्रयोगशाळा होती. खिडकीतून दिसायचं ते गाड्या उभ्या करायचं आवार आणि एक उंच भिंत. वरच्या मजल्यांवर माणसं कण्हायची, भांडायची, बरी होऊन घरी जायची. खाली यायचे ते त्यांचे तुकडे. कुणाचं पित्ताशय, कुणाचा तीळ, कुणाच्या जठरातून चिमट्याने काढलेले कणीएवढे कण. ते मेणात बसवायचे, मेणाचे कागदाहून पातळ काप काढायचे, कोमट पाण्यावर पसरून काचेवर अलगद उचलायचे, गुलाबी आणि निळ्या रंगात बुडवायचे. मग त्या काचा बाईंच्या डाव्या हाताशी येऊन बसायच्या. बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायच्या आणि हे काय आहे ते सांगायच्या.

जन्मभर त्यांनी एवढंच केलं. निवृत्तीचं वय उलटलं तरी हॉस्पिटलने त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही फार ओढाताण केली नाही. घरातले म्हणत, "हिला माणसं दिसतच नाहीत, नुसत्या पेशी दिसतात." ते अगदीच खोटं नव्हतं. बसमध्ये समोरच्या माणसाच्या ओठावरचा डाग बघत बसल्यामुळे बाईंचा थांबा चुकल्याची गोष्ट घरात अनेकदा सांगून झाली होती.

त्या सकाळी जी काच त्यांनी पेटीतून आधी काढली तिच्यावरचा नंबर त्यांना पाठ होता. ती वहिनीची काच होती.

घरच्या माणसाची काच आपण बघायची नाही, हा बाईंचाच नियम. नव्या मुलांना त्या दरडावून सांगत, "माया आली की डोळ्यात पाणी येतं आणि पाण्यातून काही दिसत नाही." पण या वेळी त्यांनी मनाशी पळवाट काढली होती. सही दुसऱ्याची घेऊ, नजर तेवढी आपली टाकू.

जठराचं अस्तर बाईंना पहिल्यापासून आवडायचं. कुणाला फूल आवडतं तसं. निरोगी जठर घट्ट विणलेल्या लोकरी कापडासारखं दिसतं, टाके सारखे, ओळी सरळ. पण एक चिवट जंतू असतो. तो लहानपणीच पोटात शिरतो आणि भाडेकरूसारखा जन्मभर राहतो. मग अस्तर सुजतं, झिजतं, आणि पुष्कळ वर्षांनी शरीर एक चमत्कारिक गोष्ट करतं. जठराच्या जागी आतड्याचं अस्तर उगवायला लागतं. मधेच पेल्याच्या आकाराच्या, चिकट द्रावाने भरलेल्या पेशी दिसू लागतात. त्या आतड्यात असायच्या, इथे नाही. बाई विद्यार्थ्यांना सांगायच्या, "स्वयंपाकघरात कुणीतरी एकेक करून न्हाणीघराच्या फरशा बसवाव्यात ना, तसं समजा. घर पडत नाही. पण काहीतरी बिनसलंय, हे कळतं."

काचेवर पाच तुकडे होते. पाचही एकाच काचेवर कसे, याचं बाईंना जरा नवल वाटलं. पण तोवर डोळे कामाला लागले होते. पहिला तुकडा तसाच, फरशा बदललेला. दुसराही. तिसरा आणि चौथा बघताना बाईंच्या मनात वाक्य तयार व्हायला लागलं होतं. वहिनी, तुझं जठर म्हातारं झालंय, बाकी काही नाही. गोळ्या घे, तिखट सोड.

मग पाचवा तुकडा आला.

त्यात ग्रंथी दाटीवाटीने बसल्या होत्या, एकमेकींच्या अंगावर रेललेल्या. पेशींची केंद्रकं एरवी तळाशी शहाण्यासारखी रांगेत असतात. इथे ती फुगून काळीनिळी झालेली, एकावर एक चढलेली. बाईंनी भिंग बदललं आणि नजर पृष्ठभागाकडे सरकवली. सूज असली, जखम भरत असली, तरी पेशी अशा बावरतात. घाबरायचं कारण नसतं, कारण वर येता येता त्या निवळतात. निवळतात का, एवढंच बघायचं असतं. या निवळत नव्हत्या. अगदी वरच्या काठापर्यंत त्या तशाच होत्या.

कर्करोग नव्हता. पेशींनी आपली वेस ओलांडून खाली कुठे पाय पसरले नव्हते. पण त्याच्या अलीकडची जी शेवटची अवस्था असते, ती ही होती. इथवर आलेलं परत फिरत नाही, बाईंनी तरी फिरलेलं पाहिलं नव्हतं.

त्यांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे बाजूला घेतले आणि खुर्ची मागे सरकवली. काप काढणारी मुलगी पलीकडे पाण्याचं भांडं पुसत होती.

"काल आणखी कुणाचं जठर होतं का गं?"

"नाही बाई. एक पित्ताशय आणि तो पाठीवरचा तीळ. का हो?"

"काही नाही. विचारलं आपलं."

कधी कधी एखादा कण पाण्यावर तरंगत राहतो आणि दुसऱ्याच्या काचेवर चढतो. बाईंनी तो धागा पकडून पाहिला होता. दुसऱ्या कुणाचं तरी असू दे, असं त्या मनात म्हणून गेल्या होत्या. तो दुसरा कुणीतरी म्हणजे कुणाची तरी वहिनीच असणार, हे त्यांना थोडं उशिरा सुचलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा बाई नऊ वर्षांच्या होत्या आणि घरात आई नव्हती. वहिनी एकोणीसची. नवऱ्याच्या बहिणीला 'वन्सं' म्हणायचं असतं, असं तिला माहेरून कुणीतरी पढवून पाठवलेलं. पहिल्याच सकाळी ती त्या फ्रॉकमधल्या मुलीसमोर येऊन अदबीने म्हणाली, "वन्सं, शेंबूड पुसा." घर हसून लोळलं. 'पुसा'चं 'पूस' पुढे आठवड्याभरात झालं, पण 'वन्सं' राहिलं ते राहिलंच. वन्सं, वेणी घालून घे. वन्सं, ताप आहे तुला, झोप. वन्सं, आता तू मोठी झालीस, घाबरू नको, सगळ्यांना होतं हे.

पुढे शिक्षण कुठवर करायचं अशी बोलणी घरात सुरू झाली. एके दिवशी जेवताना बाईंचे वडील म्हणाले, "मुलीच्या जातीला एवढं पुरे." वहिनी वाढत होती. तिने पळी खाली ठेवली आणि सासऱ्यांना म्हणाली, "वन्सं शिकतील. भांडी मी घासते." त्यापुढे त्या विषयावर कुणी बोललं नाही. वडिलांनी भात मागितला एवढंच बाईंना आठवत होतं.

आणि आठवत होता तो वहिनीचा पेला. सगळ्यांचं झाल्यावर ती ओट्याला टेकून उभ्या उभ्या जेवायची, गार झालेलं, भराभर. मग छातीखाली मूठ दाबून धरायची. पेल्यात पाणी, पाण्यात चमचाभर पांढरी पूड, वर फसफसून येणारा फेस. ती तो गटागटा प्यायची, मोठा ढेकर द्यायची आणि म्हणायची, "सुटली एकदाची गाडी." जळजळ हा शब्द बाईंनी आधी तिच्या तोंडून ऐकला, पुस्तकात नंतर वाचला. घरात डॉक्टर झाली, तीही नेमकी पोटातलं बघणारी, पण तो फेसाचा पेला कुणी मनावर घेतलाच नाही. तो वहिनीच्या बांगड्यांइतका तिचाच होऊन गेला होता.

बाईंनी फोन उचलला आणि वरच्या मजल्यावर लावला. वहिनीच्या पोटात नळी घालून बघणारा डॉक्टर बाईंचा विद्यार्थी होता. मोठा सरळ आणि मेहनती मुलगा. वहिनीने पहिल्या भेटीतच त्याचं नाव 'नळीवाला' ठेवलं होतं.

"पाचवा तुकडा कुठला रे?"

"कुठला म्हणजे, बाई?"

"जागा विचारतेय. खालचा, वळणावरचा की वरचा? बाटल्या कुठे आहेत बाकीच्या?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"बाटली एकच आहे, बाई."

"एकच?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना... सगळं एकत्र पाठव, मी स्वतः बघते."

"अरे, एकत्र म्हणजे एका पिशवीत. एका खेपेला. जागेगणिक बाटल्या वेगळ्याच असतात की! कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच, बाई." त्याचा आवाज खाली गेला. "मला चमत्कारिक वाटलं होतं. पण म्हटलं, घरचं माणूस आहे, बाईंचं काही कारण असेल. तुम्ही सांगितलंत आणि मी का म्हणून विचारलं, असं आजवर कधी झालंय का?"

झालं नव्हतं. बाईंनी त्याला तसाच घडवला होता. 'एकत्र' हा शब्द त्यांनी हजार वेळा वापरला असेल, आणि हजार वेळा समोरच्याला बरोबर कळला असेल.

"बरं, आठवतंय का काही? आठव जरा."

"पहिले दोन खालचे, हे नक्की. पुढे वहिनींना उबळ आली, त्या हात झाडायला लागल्या. मग वळणावर एक... की वर गेलो होतो आधी? शपथेवर नाही सांगता येणार, बाई. आणि बाटलीत पडल्यावर त्यांना कुठला आलाय क्रम?"

"डोळ्याला काही दिसलं होतं? उंचवटा, खड्डा, लालसर डाग?"

"काही म्हणता काही नाही. सगळं फिकट, झिजलेलं. दिसलं असतं तर मी सोडलं असतं का?"

बाईंनी फोन ठेवला आणि पुन्हा काचेशी बसल्या. एरवी त्या तुकडा पाहून जागा ओळखत. जठराच्या वरच्या भागातल्या ग्रंथी वेगळ्या, खालच्या वेगळ्या. पण एकदा आतड्याचं रूप घेतलं की सगळं एकसारखं होतं. वहिनीच्या जठराने आपला पत्ताच पुसून टाकला होता.

दुपारी त्या काच घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या. तिथे त्यांच्या वर्गातला एक म्हातारा डॉक्टर बसायचा. त्याला सगळे 'वकील' म्हणत, कारण प्रत्येक काचेच्या दोन्ही बाजू तो स्वतःच मांडायचा आणि समोरच्याला दमवायचा. बाई त्यासाठीच गेल्या होत्या. कुणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी होती.

त्याच्याकडे दोघांना एकाच वेळी बघता येईल असा दुहेरी सूक्ष्मदर्शक होता. दोघं समोरासमोर बसले, डोळे लावून. वकील बराच वेळ काच फिरवत राहिला. मग त्याने दिवा बारीक केला.

"कुणाची आहे?"

"वहिनीची."

"जिने तुझी भांडी घासली ती?"

"तीच."

त्याने चष्मा पुसायला घेतला. "यात दुसरी बाजूच नाही गं," तो म्हणाला. "मी शोधली. असती तर सांगितली असती."

संध्याकाळी बाई दादाच्या घरी गेल्या. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते अजून दादाचंच घर होतं. चढावरच्या गल्लीतलं, लोखंडी फाटक करकरणारं. आता तिथे वहिनी, तिचा मुलगा आणि सून राहत. भाचा कामावरून नुकताच आला होता, बूटही काढले नव्हते. सूनबाई चहा टाकत होती. वहिनी खिडकीशी बसून लसूण सोलत होती.

"आलीस? तुझं तोंड बघूनच कळलं. बस," वहिनी म्हणाली. "काय निघालं माझ्या पोटात? सासूबाईंची अंगठी?"

बाईंनी सांगितलं, जितकं सोपं करता येईल तितकं. कर्करोग नाही, पण व्हायच्या बेतात असलेली एक जागा आहे. कणभर. ती आताच काढली तर प्रश्न मिटतो. नळीतूनच काढता येते, पोट फाडावं लागत नाही.

"मग काढू या की!" भाचा म्हणाला. "उद्याच काढू. यात एवढं काय?"

"ती कुठे आहे ते माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? तुकडा तर काढलाय ना तिथून?"

बाईंनी बाटलीचं सांगितलं. 'एकत्र'चंही सांगितलं. भाच्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आत्या, जगाला अचूक सांगत आलीस गं तू. आणि आईच्याच वेळी?"

"ओरडू नकोस तिच्यावर," वहिनीने लसणाची पाकळी वाडग्यात टाकली. "लहानपणी बाजारातून एकत्र आण म्हटलं की साखर आणि मीठ एकाच पुडीत आणायचास तू. तेव्हा मी ओरडले होते का?"

"ओरडली होतीस."

"हो, पण वेगळं करून दिलं होतं ना मी?" ती बाईंकडे वळली. "तुला करता येईल वेगळं?"

"पुन्हा नळी घालावी लागेल. या वेळी प्रत्येक जागेची बाटली वेगळी. खूप तुकडे घ्यायचे, बोटभरसुद्धा जागा सोडायची नाही."

वहिनीने तोंड वाकडं केलं. नळीचा तिने मनापासून धसका घेतला होता. पहिल्या वेळी ती बाहेर आल्यावर म्हणाली होती, "साप गिळल्यासारखं वाटतं, आणि वर तो साप इकडेतिकडे बघतो." पण आता ती एवढंच म्हणाली, "तू असशील ना खोलीत?"

"असेन."

बाई खरंच खोलीत राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तुकडा निघताना पाहिला. वहिनी कुशीवर, दातांत प्लास्टिकची कडी, गालावरून लाळ ओघळतेय, आणि तिचा हात बाईंच्या हातात. नळीवाला पडद्यावर डोळे रोखून इंच इंच सरकत होता. त्याने निळा रंग फवारला, म्हणजे बिघडलेली जागा उठून दिसावी. पडद्यावर वहिनीच्या जठराच्या निळसर घड्या उलगडत गेल्या, ओल्या वाळूसारख्या. कुठे काही उठून दिसलं नाही. मग चिमटा जाऊन येऊ लागला. परिचारिका प्रत्येक वेळी जागेचं नाव मोठ्याने उच्चारून बाटलीचं झाकण लावत होती. वहिनीचा हात दर वेळी बाईंची बोटं आवळायचा आणि सैल पडायचा. खाली काचेवर जे निमूट येतं ते असं येतं, हे बाईंना माहीत होतं. पण ते माहीत असणं वेगळं होतं.

त्या काचा तयार झाल्यावर बाई दार लावून बसल्या. आता लाज सोडून त्या एकेका पेशीला शोधत होत्या, सापडू दे म्हणून विनवत. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी वाईट सापडावं अशी इच्छा केली नव्हती. फरशा बदललेल्या, सूज, झीज. पुन्हा फरशा. त्यांनी मुलीला मेणाच्या ठोकळ्यांतून आणखी खोल काप काढायला लावले. मुलगी यंत्राशी बसली आणि ठोकळे संपेपर्यंत काप काढत राहिली. त्यांतही काही नव्हतं.

वकिलाने सगळ्या काचा पाहिल्या. या खेपेला त्याने दोन्ही बाजू मांडल्या.

"पहिल्या खेपेच्या त्या चिमट्यातच सगळं निघून आलं असेल. असं होतं. जागा कणभर होती, ती उचलली गेली, खेळ खलास."

"आणि दुसरी बाजू?"

"शेजारीच असेल. दोन चिमट्यांच्या मधे."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?" तो म्हणाला, आणि नेहमीसारखा हसला नाही.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी कागद पाहिले, वहिनीच्या हृदयाचा आलेख पाहिला. जागा कळली असती तर गोष्ट वेगळी, ते म्हणाले. ती कळत नाही म्हणून सगळं जठर काढायचं तर ते या वयात, या हृदयाला झेपायचं नाही. शिवाय कदाचित तिथे आता काहीच नसेल. थांबू. काही महिन्यांनी पुन्हा नळी घालून बघू. तोवर जंतूच्या गोळ्या देऊ.

"थांबू म्हणजे काय?" बाहेर बाकावर भाच्याने विचारलं. "आत्या, तू एक काहीतरी सांग ना. आहे म्हण, नाहीतर नाही म्हण. मी दोन्ही ऐकून घेईन. हे अधांतरी नको."

"मला माहीत नाही रे."

"अंदाज?"

"अंदाज करायला मी कधी शिकलेच नाही," बाई म्हणाल्या. ते खरं होतं. बघणं हेच त्यांचं काम होतं, आणि बघण्यासारखं काही हाती आलं नव्हतं.

वहिनीने जंतूच्या गोळ्या घेतल्या. तोंड कडू झालं म्हणून नळीवाल्याचा उद्धार केला. आणि मग एक अनपेक्षित गोष्ट घडली. वहिनीची जळजळ थांबली. जन्मभराची. छातीखाली दाबलेली मूठ सुटली, पांढऱ्या पुडीचा डबा मागच्या फळीवर गेला. तिला भूक लागायला लागली. ती टेबलाशी बसून, चवीने, सावकाश जेवू लागली. गालांवर थोडं मांस आलं. सून फोनवर सांगायची, "आत्या, सासूबाईंनी आज दुसऱ्यांदा मागून घेतलं!" त्या पोरीला काय सांगणार? भूक लागते ती जंतू गेल्यामुळे. ती जागा असलीच तर तिला भुकेशी देणंघेणं नाही. ती दुखत नाही, जळत नाही, कुणाला हाक मारत नाही. ती गप्प बसून असते, आणि बोलायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. बाई फोनवर म्हणायच्या, "वा, छान."

पुढच्या वेळची नळी वहिनीने कुरकुरत घालून घेतली. पुन्हा तोच निळा रंग, त्याच बाटल्या. काचांवर पुन्हा काही नव्हतं. बाईंनी ते भाच्याला सांगितलं तेव्हा तो फोनवर मोठ्याने हसला आणि म्हणाला, "सुटलो!" बाईंनी घाईने त्याला अडवलं. सुटलो असं नाही, पुन्हा बघायचं, थोड्या महिन्यांनी. पलीकडचं हसू थांबलं, आणि आपण ते का थांबवलं, असं बाईंना वाटत राहिलं.

त्या पुढच्या खेपेची वेळ जवळ आली तेव्हा वहिनीने त्यांना जेवायला बोलावलं. एकटीला. मुलगा आणि सून बाहेर गेले होते.

"मी नाही येणार," वहिनीने पदराला हात पुसत सांगितलं. "नळी पुरे आता."

"वहिनी, असं करू नकोस. एकदाच."

"एकदाच, एकदाच करत तीन झाल्या. चौथी होईल, पाचवी होईल. तू नक्की नाही म्हणेपर्यंत. म्हणशील का तू कधी नक्की नाही?"

बाईंची मान नकळत नकारार्थी हलली.

"बघ. मी ओळखते तुला. तू खोटं बोलणार नाहीस आणि खरं तुला माहीत नाही. मग मी त्या सापाला किती वेळा गिळायचं?"

"पण असलं तर, वहिनी? आता सापडलं तर काढता येईल. नंतर नाही येणार. तू भांडी घासलीस म्हणून मी ते यंत्र बघायला शिकले. आणि तुझ्याच वेळी मला..."

"रडतेस काय वन्सं? डोळे पूस." वहिनीने त्यांच्यापुढे ताट सरकवलं. भात, बटाट्याची भाजी, वरून तुपाची धार. स्वतःचंही ताट वाढून ती समोर बसली. "नंतर येणार नाही तर नाही येणार. मला पहिल्यांदा जेवण गोड लागतंय गं. एवढी वर्षं मी जेवत होते ते नुसतं पोटात टाकत होते. आता दर घासाला नळीची तारीख आठवते. ते नको मला. तुझ्या दादाची शपथ नाही घालत, नुसतं सांगते. पुन्हा विषय काढू नकोस."

बाईंकडे मांडायला खूप होतं. आकडे होते, इतरांच्या काचा होत्या, वेळेवर सापडलेल्या आणि न सापडलेल्या. त्यांनी तोंड उघडलं. पण समोर बसलेल्या वहिनीने जन्मभर कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आज पहिल्यांदा मागत होती. त्यांनी तोंड मिटलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

वहिनीने घास घेतला. सावकाश चावला, गिळला. बाईंची नजर आपोआप त्या घासाबरोबर गळ्यावरून खाली गेली, छातीच्या मधोमध, आणि तिथे डावीकडे, साडीच्या निऱ्यांच्या वर, एका ठिकाणी थांबली. तिथून जरा खाली सरकली. पुन्हा वर आली.

"आणि हे बघणं बंद कर," वहिनी म्हणाली. "मला कळतं. वर्षभर बघतेयस. जेव."

बाईंनी मान खाली घातली. भाताचा घास कालवला. वहिनी पुढे सुनेबद्दल काहीतरी गमतीचं सांगत होती, मीठ जास्त पडलेल्या कसल्याशा सूपबद्दल, आणि स्वतःच हसत होती. बाई ऐकत होत्या, हुं हुं करत होत्या, योग्य जागी हसतही होत्या. फक्त नजर कुठे ठेवावी ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.